तीस अँपची झोप

उन्हाळ्याच्या सुट्टीत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घ्यायची, लास व्हेगासहून निघायचं आणि झायन, पेज, ग्रँड कॅन्यन असा फेरा मारून परत यायचं, हा बेत अमेरिकेतल्या कितीतरी मराठी घरांत शिजतो. भारतातून आई-बाबा आलेले असले तर हमखास. मग याद्या होतात. तांदूळ किती, कुकर कुठला, कोणाच्या गोळ्या कोणत्या डब्यात, कोण कुठे झोपणार. एसीबद्दल मात्र गाडी देणाऱ्याला एकच प्रश्न विचारला जातो, ‘एसी आहे ना?’ तो ‘आहे’ म्हणतो, आणि खरंच असतो. तरीही वाळवंटातल्या पहिल्याच रात्री मागच्या बेडरूममध्ये कोणीतरी उठून बसलेलं असतं, डोक्यावर एसी घरघरत असताना.

विचारायला हवं ते वेगळंच. गाडी किती अँपची आहे, रात्री तिला वीज कुठून मिळणार आणि दुपारचं ऊन तिच्या कुठल्या बाजूला पडणार? या तिन्हींचा निकाल दुपारी चारच्या आत लागलेला असतो. रात्री थर्मोस्टॅटशी झटापट करून त्यात फारसा फरक पडत नाही.

आधी यंत्र समजून घेऊ. भाड्याने मिळणारी गाडी बहुधा ‘क्लास सी’ असते, म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखी झोपायची जागा असलेली. तिच्या छतावर साधारणपणे एकच एसी असतो, १३,५०० किंवा १५,००० बीटीयूचा. १२,००० बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हा झाला सव्वा टनाच्या आतबाहेर. एवढ्याशा जागेला सव्वा टन म्हणजे चैनच, असं पुण्या-मुंबईच्या हिशोबाने वाटतं. पण इथे भिंती दीड-दोन इंचांच्या, खिडक्यांना बहुधा एकेरी काच आणि सगळं छप्पर दिवसभर उन्हात. त्यामुळे ऐन दुपारी बाहेरच्यापेक्षा आत साधारण वीस अंश फॅरनहाइट कमी झालं, तरी एसीने आपलं काम चोख केलं असं समजावं. बाहेर ११०, म्हणजे ४३ सेल्सिअस असेल तर आत नव्वदच्या आसपास. अशा वेळी एसी बिघडला म्हणून गाडीवाल्याला फोन लावण्यात अर्थ नाही.

बिघडला आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येतं. स्वयंपाकात वापरतात तो टोकदार थर्मामीटर घ्या. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. ज्या जाळीतून तो आतली हवा ओढून घेतो तिथलं तापमान पाहा, मग थंड हवा येते त्या तोंडापाशी पाहा. दोन्हींत १६ ते २२ अंश फॅरनहाइटचा फरक असेल तर यंत्र ठणठणीत आहे. फरक कमी भरला तर आधी जाळीमागचा फिल्टर काढा. भाड्याच्या गाडीत तो बहुधा आधीच्या चार कुटुंबांची धूळ आणि एखाद्या कुत्र्याचे केस सांभाळून असतो. नळाखाली धुवा, पिळून वाळवा, परत बसवा. तरीही फरक तेवढाच राहिला, तर मात्र जरूर फोन करा.

‘साठवर लाव, म्हणजे पटकन थंड होईल’ हा सल्ला प्रत्येक गाडीत कोणीतरी देतंच. त्याने काही पटकन होत नाही. या छतावरच्या साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो नाहीतर बंद. आकडा खाली नेला म्हणून तो जास्त जोर लावत नाही. उलट तो थांबतच नाही, आणि फिल्टर मळलेला, पंखा ‘लो’वर, हवा दमट असं जुळून आलं की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. हवेचा झोत हळूहळू मंदावतो आणि मग गारवाही जातो. उपाय सोपा आहे: कूलिंग बंद, नुसता पंखा ‘हाय’वर, अर्धा-पाऊण तास. बर्फ वितळला की पुन्हा सुरू. भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या एसीला सुरुवातीचं सेटिंग २४ अंश ठेवणं बंधनकारक झालं, ते आई-बाबांच्या अंगवळणी पडलेलं असतं. २४ म्हणजे ७५ फॅरनहाइट. आरव्हीत रात्रीसाठी तेच धरून चाला.

आता ऊन. एसीने उष्णता बाहेर काढण्यापेक्षा ती आत न येऊ देणं कितीतरी स्वस्त पडतं, आणि हे काम कॅम्पसाइटचं बुकिंग करतानाच सुरू होतं. अमेरिकन आरव्हीत वीज-पाण्याची जोडणी, म्हणजे हुकअप, बहुधा ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे असते, आणि बाजूला उघडणारं कापडी छप्पर, ज्याला ऑनिंग म्हणतात, ते उजवीकडे. गाडीचं नाक दक्षिणेला आलं तर उजवी बाजू पश्चिमेला येते, म्हणजे तीन-चारनंतरचं सगळ्यात त्रासदायक ऊन ऑनिंग अंगावर घेतं. मागची बेडरूम उत्तरेला जाते, तिथे जुलैतही दुपारचं ऊन थेट येत नाही. समोरची काच दक्षिणेला येते, पण तेव्हा भर दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि क्लास सीच्या पुढे आलेल्या माळ्याची सावली त्या काचेवर पडते. एवढं सगळं दरवेळी जुळत नाही. साइट जशी आखलेली तशीच गाडी लावावी लागते. पण बहुतेक कॅम्पग्राउंडचे नकाशे आधी पाहता येतात. नदीकाठची साइट की पश्चिमेला झाड असलेली साइट, असा प्रश्न पडला तर झाड घ्या. एक सांभाळा: वाळवंटात संध्याकाळी अचानक वारा सुटतो. ऑनिंग उघडं टाकून फिरायला किंवा झोपायला जाऊ नका. मोडलं तर भरपाई चांगलीच महाग पडते.

काचा झाकायला रुपेरी बुडबुड्यांचा पत्रा मिळतो, हार्डवेअरच्या दुकानात गुंडाळीने. खिडकीच्या मापाने कात्रीने कापा आणि काचेला लावून बसवा. भाड्याच्या गाडीला चिकटपट्टीचे डाग पडू नयेत म्हणून तुकडा किंचित मोठा कापला की तो चौकटीत आपोआप अडकून बसतो. खिडक्या सगळ्यांना सुचतात. विसरतात ती छतातली भोकं: बाथरूमवरची पारदर्शक घुमटी आणि चौदा इंच चौरस हवेची झडप, जी कित्येक गाड्यांत नेमकी पलंगावरच असते. दुपारी त्या झडपेखाली हात धरून पाहा, तव्यावर धरल्यासारखी धग लागते. तिथे बसणारी जाड उशी मिळते. नाही मिळाली तर घडी केलेला टॉवेल आणि त्याच पत्र्याचा तुकडा खोचा. ड्रायव्हरची केबिन हे आणखी एक खिंडार. ती मागच्या भागापासून पडद्याने तोडा. पडदा नसेल तर चादर टांगा.

आणि एसी सकाळीच लावा. नऊला आतलं तापमान सत्तरीत असतं, ते तिथेच धरून ठेवणं त्याला जमतं. दोनला तापलेली गाडी थंड करायला घेतली, तर भिंती, गाद्या, कपाटं, पाण्याच्या टाक्या या सगळ्यांत साठलेली उष्णता काढत तो मध्यरात्रीपर्यंत धडपडत राहतो. दिवसभर फिरायला जाणार असाल तरीही हुकअपवर एसी बंद ठेवून जाऊ नका. ८० वर लावून जा. वीज वाचवायची सवय चांगली, पण ती इथे मोडावी लागते.

विजेचा हिशोब जरा सविस्तर करू, कारण सगळ्यात जास्त रात्री त्यामुळेच बिघडतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची. आरव्हीला दोन प्रकारची जोडणी असते: तीन पिनांची ३० अँपची आणि चार पिनांची ५० अँपची. आकड्यांवरून दुसरी दीड-पावणेदोनपट वाटते, प्रत्यक्षात ती तिप्पटीहून मोठी आहे. ३० अँप म्हणजे ३,६०० वॉट. ५० अँपच्या जोडणीत मात्र ५०-५०च्या दोन तारा असतात, म्हणजे १२,००० वॉट. म्हणूनच दोन एसीच्या मोठ्या गाड्या ५० अँपच्या असतात आणि तुमची भाड्याची बहुधा ३०ची.

या तिसांतले तेरा ते पंधरा अँप एकटा एसी खातो, आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट. मायक्रोवेव्ह साधारण बारा. पाणी तापवायचा हीटर विजेवर ठेवला तर तोही बारा. चहाची इलेक्ट्रिक किटली साडेबारा, इंडक्शन शेगडी पंधरा, केस वाळवायचं यंत्र तेवढंच. शिवाय बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर आपले चार-पाच गुपचूप घेत असतो. आता संध्याकाळी साडेसातचं चित्र पाहा. एसी चालू आहे, कोणीतरी आंघोळीला म्हणून हीटर लावलाय, आई चहासाठी किटलीचं बटण दाबते. चाळीसच्या वर गेलो. खट्. सगळं बंद.

यावरचा तोडगा गाडीतच असतो. फ्रिज आणि पाण्याचा हीटर गॅसवर चालतात. दोन्ही विजेवरून गॅसवर घ्या. स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर करा, किंवा त्याहून बरं म्हणजे बाहेर ऑनिंगखाली. कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाफ आत सोडणं म्हणजे एसीला रात्रभराचं जास्तीचं काम देणं, कारण हवेतला ओलावा काढण्यातच त्याची बरीच ताकद जाते. आंघोळीच्या वेळी बाथरूमचा पंखा लावा, दार बंद ठेवा. घरात नियम एकच असू द्या: एसी चालू असताना दुसरं मोठं यंत्र एकाच वेळी एकच, आणि तेही थोड्या वेळासाठी. हा नियम सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने सांगून टाकलेला बरा.

ब्रेकर पडलाच तर तो लगेच वर करू नका. आधी थर्मोस्टॅटवर एसी बंद करा, किमान तीन मिनिटं थांबा, मग ब्रेकर, मग एसी. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब समसमान व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी सुरू केला तर तो अडकतो आणि ब्रेकर पुन्हा पडतो. गाडीतलं पॅनल ठीक दिसत असेल तर बाहेर साइटवरच्या विजेच्या खांबावरचा ब्रेकरही बघा.

वायर लावतानाही शिस्त पाळावी. एसी बंद, खांबावरचा ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू. सॉकेटची भोकं काळवंडलेली किंवा वितळलेली दिसली तर तिथे प्लग घालू नका, ऑफिसात जाऊन साइट बदलून मागा. जाड वायर वेटोळं करून ठेवू नका. एसीच्या भाराने वेटोळ्यातली वायर तापते. कडक उन्हाच्या दिवशी चारच्या सुमारास कॅम्पग्राउंडमधला प्रत्येक एसी चालू असतो, तेव्हा व्होल्टेज १२० वरून घसरत जातं. १०५ च्या खाली कॉम्प्रेसरला धोका असतो. प्लगमध्ये खुपसायचा छोटा व्होल्टमीटर फार महाग नसतो, तो एक जवळ ठेवा. आकडा खूप उतरला तर एसी तासभर बंद ठेवणं शहाणपणाचं. स्वतःची गाडी असेल तर व्होल्टेज पडताच वीज तोडणारं संरक्षक यंत्र घ्याच, त्यात काटकसर करू नका.

एक खास आपला प्रसंग. वाटेत मित्राकडे मुक्काम, गाडी त्याच्या ड्राइव्हवेत. ‘अरे, वीज आहे की आपल्याकडे!’ म्हणत तो गॅरेजमधून नारिंगी एक्स्टेंशन वायर घेऊन येतो. त्याचं प्रेम खरं, पण ते सॉकेट १५ अँपचं आणि ती वायर बारीक. त्यावर दिवे, पंखे, बॅटरी चार्जिंग चालेल. एसी चालवू नका. वायर तापेल, व्होल्टेज पडेल आणि कॉम्प्रेसर जळायची वेळ येईल. त्या रात्री सरळ मित्राच्या घरात झोपा.

राष्ट्रीय उद्यानांत तर हुकअप मिळेलच असं नाही. योसेमिटीच्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाहीतच. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर मॅदर कॅम्पग्राउंडला नाही, शेजारच्या ट्रेलर व्हिलेजला आहे. झायनच्या वॉचमनमध्ये काही साइट्सना वीज आहे, पण जनरेटर लावायला सक्त मनाई. म्हणजे तिथे विनाविजेची साइट मिळाली तर जुलैची रात्र एसीशिवाय काढायची. योसेमिटीत जनरेटर सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच चालवता येतो. रात्री दहानंतर शांततेची वेळ. या वेळा उद्यानागणिक बदलतात, बुकिंगच्या पानावर दिलेल्या असतात, पण त्या वाचतो कोण?

जनरेटरवर एसी चालतो, त्यासाठीच तो असतो. तो गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल घेतो, तासाला साधारण अर्धा गॅलन, आणि टाकी पाव उरली की आपोआप थांबतो, म्हणजे तुम्ही पंपापर्यंत तरी पोचावं. भाड्याच्या गाडीत त्याचे ताशी पैसेही बहुधा वेगळे लागतात. पण पैशांहून गंभीर गोष्ट धुराची आहे. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. जनरेटर चालू ठेवून झोपू नका. कायद्याने परवानगी असलेल्या मोकळ्या माळावरही नको. शेजारच्या गाडीचा जनरेटर तुमच्या पलंगाच्या खिडकीखाली धूर सोडत असेल तर खिडकी लावून घ्या आणि जाऊन सांगा. परदेशात कशाला भांडण, असा संकोच इथे नको. गाडी घेतानाच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून वाजवून पाहा.

‘बॅटरीवर चालतो का?’ असंही विचारतात. एसीला साधारण दीड हजार वॉट लागतात. शंभर अँप-तासांची एक लिथियम बॅटरी त्याला तासभरही पुरत नाही, आणि भाड्याच्या बऱ्याच गाड्यांत तर साध्या लेड-ॲसिड बॅटऱ्या असतात. चार-सहा मोठ्या बॅटऱ्या, तगडा इन्व्हर्टर आणि कॉम्प्रेसरचा सुरुवातीचा झटका कमी करणारं सॉफ्ट स्टार्टर बसवलेल्या हौशी लोकांची गोष्ट निराळी.

वीज आहे, ऊन अडवलंय, तरी पुढची बैठक गार आणि मागची बेडरूम कोंदट, ही तक्रार उरतेच. एसी मधल्या छतावर असला की त्याच्या खालच्या चौकोनी तोंडाची झापं उघडी असतात आणि निम्मी हवा तिथेच कोसळते. झोपण्याआधी तासभर ती बंद करा. हवा छतातल्या वाहिनीतून मागे जाऊ लागेल. पुढच्या भागातली गोल तोंडंही निम्मी वळवून बंद करा. सगळी बंद करू नका, नाहीतर हवा अडून कॉइलवर पुन्हा बर्फ. आणि बेडरूमचं दार पूर्ण लावू नका. हवा आत ओढणारी जाळी बाहेर बैठकीत असते. गेलेल्या हवेला परतायला वाट नसेल तर नवी हवा आत येत नाही. चार बोटं फट पुरते. खाजगीपणा हवा असेल तर पडदा लावा. स्वतःची गाडी असेल तर एकदा छतावरच्या एसीखालचं झाकण उघडून पाहा: थंड हवेच्या आणि परतीच्या हवेच्या कप्प्यांमध्ये बऱ्याचदा फटी राहिलेल्या असतात आणि थंड हवा खोलीत न येता थेट परतीच्या वाटेला लागते. ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने त्या बुजवणं हे तासाभराचं काम, आणि माझ्या मते आरव्हीच्या एसीवर केलेला सर्वांत स्वस्त आणि गुणकारी खर्च. दोन एसी असलेली गाडी ३० अँपवर लावली असेल तर दिवसा पुढचा चालवा, आणि झोपण्याच्या दोन तास आधी मागच्यावर या.

आवाजाला इलाज नाही. डोक्याच्या दोन-तीन फूट वर कॉम्प्रेसर आहे, तो वाजणारच. पण त्याचं सुरू होणं आणि थांबणं जास्त छळतं. ॲरिझोना-युटाच्या कोरड्या हवेत पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ आणि ‘लो’वर ठेवला तर एकसुरी घुंई चालू राहते आणि ज्येष्ठांना झोप लागते. फ्लोरिडा किंवा टेक्ससच्या किनाऱ्यावर मात्र हे करू नका. कॉम्प्रेसर थांबल्यावरही पंखा फिरत राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं आणि पहाटे चादरी दमट लागतात. तिथे ‘ऑटो’च बरं. छतावरून गाडीच्या कडेने ओघळणारं पाणी पाहून घाबरू नका, ते एसीचंच. ते आत ठिबकायला लागलं तर गाडी एका बाजूला कललेली आहे का, आधी बघा.

आणि काही रात्री एसी लागतच नाही. ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम सुमारे सात हजार फुटांवर आहे. जुलैतही रात्री तिथे गोधडी लागते. विनाविजेच्या रात्री अशा उंचीवर ठेवा आणि हुकअपचे पैसे पेज, लास व्हेगाससारख्या सखल, तापणाऱ्या मुक्कामांसाठी राखा. उंचावर संध्याकाळी पलंगाजवळची एक खिडकी चार इंच उघडायची, बाकी बंद, आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाचा छतातला पंखा बाहेर हवा फेकेल असा लावायचा. तो १२ व्होल्टवर चालतो, बॅटरीला रात्रभर झेपतो, आणि बाहेरची गार हवा थेट अंगावरून जाते.

डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअसची नोंद झाली. काही भाडे कंपन्या भर उन्हाळ्यात तिथे गाडी न्यायला करारातच मनाई करतात, आणि त्यांचं बरोबर आहे. वाळवंटात कुठेही, एसी चालू आहे म्हणून लहान मुलांना, कुत्र्याला किंवा दुपारी झोपलेल्या आजी-आजोबांना गाडीत एकटं सोडून ट्रेलवर जाऊ नका. एक ब्रेकर पडला की बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते, आणि फोनला तिथे रेंज असेलच असं नाही.

गाडी ताब्यात घेताना तिथल्या माणसाला घाई असते, तुम्हालाही असते. तरी अर्धा तास मागून घ्या. त्याला गाडी विजेला जोडायला लावा, एसी सुरू करायला लावा, जनरेटर चालू करून दाखवायला लावा, ब्रेकरचं पॅनल कुठे आहे ते पाहा, फिल्टर स्वतः उघडा, आणि वीस मिनिटांनी मागच्या बेडरूममधल्या तोंडाशी थर्मामीटर धरा. फरक सोळा अंशांहून कमी निघाला तर सही करू नका, दुसरी गाडी मागा.